हा शाफ्ट व्हिस्बीच्या पुढे जात नाही

गुरुवार, ११ जून. बोटीवर

पंचाहत्तरी साजरी करायची म्हणून तुइरेने मला बोटीवर आणलंय, वाटेत व्हिस्बी, मग ग्दान्स्क आणि परत. उभं आयुष्य मी बोटींच्या पोटात इंजिनं सांभाळत काढलं आणि माझ्या एकुलत्या एका मुलीला भेट सुचली ती बोटच. न्हाव्याला वाढदिवसाला कंगवा द्यावा, तसं. आणि हिला बोट तरी कसं म्हणायचं? चुकून पाण्यात पडलेलं बहुमजली दुकान आहे हे. खाली अत्तरं, मधे बिअरच्या पेट्या गाड्यांवर ढकलत हिंडणारे लोक, वरच्या मजल्यावर माइक धरून रडव्या आवाजात टँगो म्हणणारा एक टकल्या. इंजिन कुठल्या बाजूला आहे हे शंभरातल्या एकालाही सांगता येणार नाही.

एकटी तुइरे असती तर दात आवळून निभावलं असतं. पण बरोबर जावईबापू आहेत. टॉर्केल. हा पियानो सुरात लावतो. म्हणजे लोकांच्या घरी जायचं, एकच पट्टी तासभर टण् टण् वाजवायची, मान वाकडी करून ऐकायचं आणि पैसे घेऊन घरी यायचं. पन्नाशीला आलेला माणूस! तुइरेला जहाजावरचा एक चांगला अधिकारी, सेकंड मेट, सांगून आला होता. पण नाही. हिला टण् टण् आवडलं.

आणि टॉर्केल म्हटला की त्याची आई आलीच. गुनवोर. पारगासच्या बेटांवरची, घरात स्वीडिश बोलणाऱ्यांपैकी. शिडाची होडी, पांढरे बूट आणि नाकाने कांदे सोलणं, ही तिन्ही या लोकांच्या बरोबरच जन्माला येतात. आमची फिनिश भाषा बोलते उत्तम, पण एकेक शब्द चिमट्याने उचलून ठेवते.

तुर्कूच्या धक्क्यावर भेटल्या भेटल्या म्हणाली, "व्याहीबुवा, खिडकीवाली केबिन मिळाली ना तुम्हाला? सांभाळा हं. सवय नसेल."

"कसली सवय?"

"उजेडाची."

तुइरे हसली. टॉर्केल हसला नाही. एवढी अक्कल त्याला आहे.

नंतर तुइरेने मला बाजूला घेतलं. "बाबा, चार दिवस. फक्त चार दिवस माणसासारखा वाग. माझ्यासाठी."

मी म्हटलं, बघू.

जेवणाची तर जत्राच होती. कोळंबीचा डोंगर, आणि त्याच्यावर ताटं घेऊन चालून गेलेली माणसं, जणू उद्यापासून दुष्काळ पडणार आहे. गुनवोरने चार कोळंब्या घेतल्या आणि सुरी-काट्याने सोलल्या. मला बघवेना. मी केबिनमध्ये येऊन आडवा झालो. ऊन अजून खिडकीतच होतं.

उशीवर डोकं टेकवलं आणि ऐकू आलं. धप्... शू. धप्... शू. हळू, पण एका तालात. डावीकडून.

शाफ्टचं बेअरिंग, पाण्यातला पंखा फिरवणाऱ्या दांड्याचं. दुसरं काही असूच शकत नाही. एवढ्या दिव्यांच्या माळा लावल्यात आणि तळाशी बेअरिंग घासतंय. मला आश्चर्य वाटलं नाही.

शुक्रवार, १२ जून. समुद्रात

आज पंचाहत्तर पूर्ण झाली. त्याबद्दल इथे काही लिहिण्यासारखं नाही.

सकाळी उठून पहिलं काम म्हणजे खालच्या डेकवरच्या काउंटरवर गेलो. तिथल्या पोराने विचारलं, "सर, उशी बदलून देऊ का?" मी त्याला शाफ्ट, बेअरिंग, पंखा सगळं समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि मला ध्वनिरोधक बोळे दिले. कानात घालायला! बोट बुडत असेल तेव्हा हे लोक डोळ्यांवर पट्ट्या वाटतील.

तिथून वर गेलो. लिफ्ट वापरत नाही मी, ती बिअरवाल्यांसाठी आहे. जिन्याने नवव्या डेकवर पोहोचलो तर आवाज चांगलाच जलद झालेला. धप्-शू-धप्-शू. म्हणजे मी जिना चढेपर्यंत या शहाण्यांनी बोटीचा वेग वाढवला होता! बेअरिंग दुखत असताना वेग वाढवायचा. आमच्या काळी अशा चीफ इंजिनिअरला पुढच्या बंदरात उतरवलं असतं. थोडा वेळ बाकावर बसलो तेव्हा वेग पुन्हा कमी केला त्यांनी. कुणीतरी खाली धरसोड करतंय हे नक्की.

परत काउंटरवर. या वेळी मी आवाज चढवला. शेवटी त्यांनी इंजिनातलं माणूस बोलावलं. माणूस म्हणजे पोरगी. तिशीची, पाठीवर वेणी. मी म्हटलं, चीफला बोलाव. ती म्हणाली, चीफ झोपलेत, आत्ता ड्यूटी माझी आहे. ती माझ्या केबिनमध्ये आली, पलंगाशेजारच्या भिंतीला कान लावून उभी राहिली, बराच वेळ. मग जमिनीवर पालथी पडून ऐकलं. नाटक उत्तम.

"आता येतोय का आवाज?" तिने विचारलं.

"येतोय म्हणजे काय! तुला येत नाही?"

"नाही येत, आजोबा. आणि कंपनाचे आकडेही ठीक आहेत. पण तुम्ही म्हणताय तर शाफ्टच्या बोगद्यात स्वतः जाऊन हात लावून बघते."

तासाभराने परत येऊन सांगितलं की बेअरिंग थंड आहे. मी म्हटलं, पोरी, ती वेणी आधी टोपीत घाल, एक दिवस यंत्रात जाईल आणि मग बेअरिंगला बोल लावशील. तिने वेणीवरून एकदा हात फिरवला आणि ती खाली गेली. 

मग मला एक युक्ती सुचली. जावई पोट कानावर भरतो ना, तर ऐकू दे त्याला. टॉर्केलला केबिनमध्ये आणून उभा केला. त्याने डोळे मिटले, मान वाकडी केली, अगदी पियानोसमोर करतो तशी. खूप वेळ तसाच.

"केबिनमधला हवेचा पंखा ऐकू येतोय," म्हणाला. "हवेच्या नळीतून एक शिट्टी येतेय. शेजारच्या केबिनमध्ये कुणीतरी दात घासतंय. धप्-शू नाही येत, ओइवा."

"मोठ्ठा धप्-शू आहे!"

"तुम्हाला कुठल्या कानात येतो?"

"आवाज कानात येत नाही, टॉर्केल. आवाज शाफ्टमधून येतो. कान त्याला फक्त घेतो."

 तो जाता जाता दारात थांबला. "एकदा कुणा डॉक्टरला दाखवावं का? बोटीवर एक आहे."

मी त्याला शांतपणे सांगितलं. म्हटलं, शेवटचा दवाखान्यात गेलो तेव्हा तुझ्या सासूला, आउनेला, घेऊन गेलो होतो आणि परत येताना तिचा कोट तेवढा हातावर होता. त्या दारातून मी पुन्हा आत जाणार नाही, आणि हा विषय तू पुन्हा काढायचा नाही. त्याने मान डोलावली. अशा माणसाचं हेच बरं असतं, एकदा दटावलं की पुरतं.

संध्याकाळी केक आला. वेटरांनी गाणं म्हटलं. भोवतालच्या टेबलांनी टाळ्या पिटल्या, ज्यांना मी कोण हेही ठाऊक नाही. गुनवोरने पेला उचलला. "व्याहीबुवांना! यांच्यासारखा कान कुणाला नाही. आम्हा बिचाऱ्यांना नुसता संगीताचा आवाज येतो, यांना बोटीचं दुखणं कळतं."

मी उभा राहिलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हसा. हा शाफ्ट व्हिस्बीच्या पुढे जात नाही. लिहून घ्या."

एका बाईने तिच्या मुलांना जवळ ओढलं. तुइरे टेबलावरून उठून गेली. टॉर्केल तिच्या मागे गेला. मी आणि गुनवोर दोघंच त्या केकसमोर उरलो.

"केक तरी कापा," ती म्हणाली. "बुडायच्या आधी."

शनिवार, १३ जून. व्हिस्बी, इस्पितळाच्या व्हरांड्यात

इथे कसा आलो ते लिहितो, नाहीतरी दुसरं काम नाही. अक्षर आज वेडंवाकडं येतंय, बाक नीट नाही.

बोट सकाळी व्हिस्बीला लागली. शाफ्टने कसाबसा जीव धरला होता. खाली उतरताना ती वेणीवाली पोरगी दारात दिसली, तिने हात हलवला. वेणी टोपीत होती.

व्हिस्बी म्हणजे पडकी चर्चं. प्रत्येक वळणावर एक, छप्पर नसलेलं, आणि त्यासमोर फोटो काढणारे आमच्याच बोटीवरचे लोक. घरात छप्पर गळलं तर हेच लोक कंपनीवर दावा लावतात. तुइरे माझ्याशी बोलत नव्हती. शहराच्या तटाशी गुनवोरला मेंढीच्या कातड्यांचं दुकान दिसलं आणि तिने तुइरेला आत नेलं. "तुम्ही दोघं पुरुषांनी बागेत बसा," म्हणाली, "आणि व्याहीबुवा, तटबंदीचं बेअरिंग तपासून ठेवा."

म्हणून मी आणि टॉर्केल समुद्राकाठच्या बागेतल्या कॅफेत जाऊन बसलो. गुलाब, जुनी अक्रोडाची झाडं, अगदी शांत. टॉर्केलने दोन बशा आणल्या. केशर घातलेला भाताचा जाड केक, वर निळसर बेरींचा मुरंबा आणि साय. केशर इतकं महाग, तर त्याच्यावर मुरंबा कशाला थापायचा ते स्वीडिश लोकच जाणोत.

दोन घास खाल्ले आणि काटा हातातून पडला. त्या केबिनच्या पलंगावर उजव्या अंगावर झोपलो होतो, हाताला मुंग्या आल्या असणार. उचलायला गेलो तर बोटं ऐकेनात. मला टॉर्केलला सांगायचं होतं, काटा दे. तोंडातून निघालं, "दोरी." पुन्हा म्हटलं. पुन्हा "दोरी". विचित्रच. दोन रात्री झोप नाही, त्या आवाजाने, दुसरं काय होणार.

थोड्या वेळात सगळं ठीक झालं. मी त्याला तसं सांगितलंही, स्पष्ट शब्दांत. पण तो एकटक बघत राहिला होता.

"ओइवा," तो म्हणाला, "तो आवाज इथे येतोय का?"

खरं लिहायचं तर येत होता. बोट धक्क्यावर, इंजिन बंद, मी बागेत, आणि धप्-शू, धप्-शू. यात नवल काही नाही. ज्याने जन्म इंजिनरूममध्ये काढला त्याच्या हाडांत आवाज मुरतो. बोटीवरून उतरल्यावर जमीन हलते ना, तसंच. पियानोवाल्याला हे कळायचं नाही, तरी मी त्याला समजावलं.

"मला टेबलावर वाजवून दाखवता? जसा येतोय तसा."

मी बोटाने टकटक करून दाखवलं. तर त्याने माझं दुसरं मनगट धरलं! चारचौघांत, प्रियकरासारखं, अंगठा आत दाबून. मी हात सोडवून घेणार होतो, पण तो ऐकत होता, ती मान वाकडी करून, आणि मला वाटलं, चला, निदान ताल तरी कळला याला. मी वाजवत राहिलो.

त्याचा चेहरा एकदम पांढराफटक पडला. ओठसुद्धा.

"काय झालं?"

"पोटात," तो म्हणाला. "ओइवा, माझ्या पोटात भयंकर कळ आलीय."

घ्या! केकने दगा दिला. मी तोच केक खाल्ला, मला काही नाही, पण हे नाजूक लोक. म्हटलं, थोडं पाणी पी. म्हणाला, नाही, दवाखान्यात जायला हवं, आत्ताच्या आत्ता. आणि मी एकटा नाही जाऊ शकत. तुम्ही चला.

"तुइरेला बोलावतो."

"तुइरेला नको! ती घाबरेल. तुम्हीच चला." आणि माझा दंड असा घट्ट धरला, की मला वाटलं, आता हा रडणार. कॅफेवालीला ओरडून गाडी मागवायला सांगितली त्याने. पोट धरलेल्या माणसाच्या मानाने आवाज बराच मोठा निघाला.

दवाखान्याच्या दारात मी थांबलो. म्हटलं, तू जा, मी बाहेर आहे. तर तो तिथेच वाकला, दोन्ही हातांनी माझा कोट धरून. "ओइवा, कृपा करा." लोक बघायला लागले. काय करणार? पोटदुखीने रडकुंडीला आलेल्या जावयाला पायरीवर सोडून कसा जाऊ? त्याला धरून आत आणला. आउनेनंतर पहिल्यांदाच. तोच वास असतो सगळीकडे, देश बदलला तरी.

काउंटरवर तो त्यांच्याशी स्वीडिशमध्ये बोलला, भरभर. एकदा माझ्याकडे बोट दाखवलं. सासरा आहे म्हणून सांगत असावा. लगेच आत घेतलं त्याला.

बोट पाच वाजता सुटते. एका केकपायी चुकणार. तुइरेने माझ्यामागे कुणाच्या भरवशावर राहायचं, या पोटाच्या?

नर्स येऊन माझंच नाव घेतेय. टॉर्केलचं काही विचारायचं असेल.

शुक्रवार, १९ जून. स्टॉकहोम

मानेला डाव्या बाजूने टाके आहेत. मान वळत नाही, म्हणून थोडंच लिहितो.

व्हिस्बीच्या डॉक्टरणीने स्टेथोस्कोप माझ्या मानेवर ठेवला आणि म्हणाली, "हा आवाज ऐकताय ना तुम्ही? मलाही येतोय." माझं म्हणणं मान्य करणारी ती पहिलीच. पण लगेच म्हणाली, तो तुमचा आहे. मेंदूकडे रक्त नेणारी नळी आतून गाळाने भरत आलेली, उरलेल्या फटीतून रक्त शू करत जातं. बागेत काटा पडला ती पहिली सूचना होती. बोटीवर गेला असतात तर दुसरी मधल्या समुद्रात आली असती. त्याच संध्याकाळी हेलिकॉप्टरने इथे आणलं आणि नळी साफ केली.

पाइपात गाळ. मी असल्या शेकडो पाइपांतला गाळ काढलाय.

तुइरे बोट सोडून, चप्पल हातात घेऊन पळत आली होती असं नर्स म्हणाली. गेले सहा दिवस ती इथे खुर्चीवर झोपतेय. माझ्याशी बोलायला लागलीय, पण मधेच थांबते आणि माझ्या उशीचा अभ्रा सारखा करते. गुनवोर मात्र एकटीच सगळ्यांचं सामान आणि माझा उरलेला केक घेऊन ग्दान्स्कला जाऊन आली. तिला कशानेच काही होत नाही.

त्या टॉर्केलचं पोट दुखलं हा योगायोग म्हणायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या नाजूकपणाचा कुणाला उपयोग झाला. तुइरेला मी तसं बोललो तर ती खिडकीबाहेर बघत राहिली.

आता आवाज नाही. काल रात्रभर जागा होतो. इंजिन अचानक थांबलं की खलाशी झोपेतून उठून बसतात, तसा.

शनिवार, ४ जुलै. तुर्कू, घरी

गुनवोर आली होती. नवे बटाटे, खारवलेली हेरिंग मासळी आणि शेपू घेऊन. मी बोलावलं नव्हतं. माझ्याच स्वयंपाकघरात माझीच पातेली वाजवत होती. मीठ कमी घाला म्हणाली डॉक्टर, म्हणून तिने हेरिंग दोनदा पाण्यातून काढली. चव गेली.

बटाटे सोलता सोलता म्हणाली, "टॉर्केल उद्या येईल. एकटा यायला घाबरत होता. म्हणून मी आधी आले, वातावरण पाहायला."

"मला कशाला घाबरायचं? आणि पोट बरंय ना त्याचं?"

तिची सुरी थांबली. "कुणाचं पोट?"

"त्याचं. व्हिस्बीत दुखलं होतं ते."

"टॉर्केलचं? अहो, लहानपणी हा होडीच्या तळातले खिळे चघळायचा. जन्मात याचं पोट दुखलेलं मला आठवत नाही." मग ती माझ्याकडे बघत राहिली, आणि पहिल्यांदाच तिला शब्द चिमट्यात सापडेनात. "ओइवा, म्हणजे तुम्हाला अजून..."

"मला तेव्हाच कळलं होतं," मी म्हणालो.

"हो का."

"तोंडावर दिसत होतं. नाटक येत नाही त्याला."

"नाहीच येत," ती म्हणाली आणि पुन्हा बटाटे सोलायला लागली. चांगलं झालं, तिने वर पाहिलं नाही. मी टेबलावरचं दुसरं काहीतरी शोधत होतो, आणि टेबलावर काही नव्हतं.

जेवण झाल्यावर ती गेली. तेव्हापासून बसून आठवतोय. तो पांढरा पडला तेव्हा माझं मनगट त्याच्या हातात होतं. त्याला कळलं होतं. आणि मला सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं तेही त्याला कळलं होतं. म्हणून तो दवाखान्याच्या दारात वाकला, परक्या लोकांसमोर, माझा कोट धरून. तुइरेलाही ठाऊक आहे. त्या वेणीवालीलाही ठाऊक झालं असेल, अशा गोष्टी बोटीवर पसरतात. आख्ख्या बाल्टिकमध्ये ठाऊक नव्हतं ते एका माणसाला, ज्याला सगळं ऐकू येतं.

रविवार, ५ जुलै

टॉर्केल दुपारी आला. सँडलमध्ये मोजे घालून. हे मी मेलो तरी मान्य करणार नाही.

कॉफी झाली. हवा, बटाटे, तुइरेच्या ऑफिसातली गडबड, सगळं बोलून झालं. तो कपाची कड बोटाने पुसत बसला होता आणि दाराकडे बघत होता. माझ्या मनात सकाळपासून दोन वाक्यं तयार होती. दोन्ही जागच्या जागी अडकली. या वेळी मानेतल्या नळीचा दोष नव्हता.

तो उठला. कोट घेतला.

"पोट कसं आहे आता?" मी विचारलं.

तो क्षणभर तसाच उभा राहिला, एक हात बाहीत. मग माझ्याकडे पाहिलं. आई सगळं बोलून गेलीय हे त्याला नक्की ठाऊक असणार.

"बरंय," तो म्हणाला. "अधूनमधून जरा दुखतं."

"अंगावर काढू नकोस. दाखवून घे."

"हो."

"एकटा जाऊ नको," मी म्हणालो. "मी येईन बरोबर."